कॅमेऱ्याची गवाही

एकोणतिसाव्या रोजाची मगरिब झाली की पेण आणि रोह्यातल्या मोबाइलांवर चंद्राचे फोटो येऊ लागतात. कोणी काढला, कुठून काढला, आजचा की गेल्या वर्षीचा, काही कळत नाही. इकडे घरात प्रश्न असतो, उद्या शीरखुर्मा की सहरी? निर्णय हिलाल कमिटीचा, आणि तो चंद्र डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या शहादतीवर होतो. त्या कामात लुडबूड करण्याचा इथे हेतू नाही. पण फोटो हीसुद्धा एक गवाही आहे, आणि ती पारखायची कशी, याची पद्धत आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींनी चांगली बसवली आहे. आपल्या मुलामुलींनी ती शिकण्यासारखी आहे.

बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिले, तेव्हा त्यातला एक पूर्ण भाग नजरेच्या चुकांना दिला. डोळा कुठे फसतो हे आधी समजून घ्यायचे, मग त्याने पाहिलेल्यावर विश्वास ठेवायचा. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. तो आकाशाबरोबर स्वतःचे दोषही त्याच फोटोत उतरवतो.

पहिला दोष उष्णतेचा. लेन्सवर झाकण ठेवून दोन मिनिटांचा फोटो काढून पाहा. पूर्ण काळा यायला हवा, पण त्यात लाल, निळे, पांढरे ठिपके दिसतील. कॅमेऱ्यातला सेन्सर तापतो आणि उजेड नसतानाही उजेड नोंदवतो. तापमान साधारण सहा अंशांनी वाढले की ही खोटी नोंद दुप्पट होते. कोकणातल्या उबदार रात्री हा त्रास जास्तच. म्हणून झाकण लावलेले असे वीसेक फोटो काढतात, त्यांना ‘डार्क’ म्हणतात. त्यांची सरासरी खऱ्या फोटोतून वजा करायची. मात्र ते त्याच रात्री, त्याच जागी, तेवढ्याच वेळाचे आणि त्याच आयएसओवर काढायला हवेत. दुसऱ्या दिवशी घरी पंख्याखाली काढलेले डार्क कामाचे नाहीत.

दुसरा दोष लेन्सचा. फोटोचा मध्य उजळ आणि कोपरे काळपट येतात, आणि सेन्सरवर धूळ असेल तर गोल डाग पडतात. यासाठी लेन्सवर पांढरा स्वच्छ कपडा ताणून संध्याकाळच्या एकसारख्या उजेडाचे फोटो घेतात. हे ‘फ्लॅट’. खऱ्या फोटोला फ्लॅटने भागले की कोपरे सारखे होतात आणि डाग जातात. फोकस मात्र हलता कामा नये, आणि कॅमेऱ्यावरून लेन्स काढायची नाही. याशिवाय कॅमेरा प्रत्येक फोटोत मुळातच थोडी रक्कम मिळवून ठेवतो. ती मोजायला झाकण लावून सर्वांत कमी वेळाचे फोटो घेतात, ते ‘बायस’.

कोवळ्या चंद्रकोरीच्या फोटोत वेळ अगदी कमी असतो, म्हणून तिथे डार्कपेक्षा फ्लॅट मोलाचे. सूर्य मावळला तरी आकाश उजळ असते आणि कोर त्याहून किंचितच उजळ. धुळीच्या डागाची कड अशा वेळी खुशाल चंद्र वाटू शकते!

मग येते थप्पी. एकाच जागेचे अनेक फोटो एकमेकांवर बसवून सरासरी काढली की खरी वस्तू जागेवर राहते आणि दाणेदार कचरा घटतो. सोळा फोटोंनी तो चौथाईवर येतो, शंभरांनी दहाव्या हिश्श्यावर. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रोग्रामवर हे घरच्या संगणकावर होते. २०२१ च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पन्नास हजारांहून अधिक फोटो वापरून चंद्राचे एक चित्र तयार केले, ते देशभर गाजले.

इथपर्यंत जे केले ते मोजलेल्या दोषाची वजाबाकी आहे. पूर्ण चित्राचा उजेड-अंधार सारखाच ताणणेही चालते. पण जे टिपलेच नाही ते भरणे ही वेगळी गोष्ट. २०२३ मध्ये एका हौशी माणसाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र लावले आणि एका नामांकित कंपनीच्या फोनने त्याचा फोटो घेतला. फोनने त्यात चंद्रावरचे खड्डे आपल्या मनाने घातले. असा फोटो सुंदर दिसेल, पण गवाही म्हणून बाद.

आणि अगदी प्रामाणिक फोटोही ‘चंद्र दिसला’ असे सांगत नाही. सूर्यापासून चंद्र साधारण सात अंशांच्या आत असेल तर नुसत्या डोळ्यांना कोर दिसत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजाँ यांच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते. पण ८ जुलै २०१३ रोजी फ्रान्समध्ये थिएरी लगो यांनी ठीक अमावास्येच्या क्षणी, भर दिवसा, कोरीचा फोटो घेतला. चंद्र सूर्यापासून केवळ ४.४ अंशांवर होता. लालपलीकडचा अदृश्य प्रकाश वापरला, सूर्याचे ऊन आडवायला पडदा लावला, वर दोष काढण्याची ही सगळी रीत. त्याच रमजानचा तो चंद्र, पण सौदी अरेबियात पहिला रोजा झाला १० जुलैला. कॅमेऱ्याला दिसले म्हणून डोळ्यांना दिसले असे होत नाही, हे इतके स्पष्ट क्वचितच कळते. (हा प्रयोग घरी करू नये. लेन्समधून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.)

सरावासाठी एकोणतिसाव्या संध्याकाळची वाट पाहायला नको. पेणच्या खारेपाटात पश्चिमेचे क्षितिज मोकळे आहे. रोह्यात डोंगरांमुळे जागा शोधावी लागते. डोलवीचा पोलाद कारखाना आणि धाटावची एमआयडीसी आकाश उजळून टाकतात, त्यांना पाठीशी ठेवावे. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यावेत. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडचा जुना डीएसएलआर आणि तिपाई पुरते. थंडीच्या सुरुवातीला देवयानी डोक्यावर येते. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस-सूफींनी दहाव्या शतकात ‘छोटा ढग’ म्हणून नोंदवलेली आकाशगंगा तिथेच आहे. वीस फोटो, वीस डार्क, वीस फ्लॅट इतक्यात ती चांगली उतरते. लेन्सवर दव धरते, तेवढे पुसत राहावे.

फोटो ‘रॉ’मध्ये ठेवावेत आणि कॅमेऱ्याचे घड्याळ आधी मिळवून घ्यावे. डार्क-फ्लॅट त्याच फोल्डरमध्ये, मूळ फायली न पुसता. कोणी विचारले तर तयार चित्राआधी तेच दाखवायचे असतात.