कंबर धरली? चटई अंथरा!

संध्याकाळी घरी आल्यावर कंबरेवर हात ठेवून ‘आई गं!’ म्हणत खाली बसणारे माणूस आपल्यापैकी बहुतेक घरांत असते. कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पाळीभर उभे असते, कोणी कल्याणच्या बाजार समितीत पोती वाहते, कोणी ठाण्यात दिवसभर रिक्षा चालवते. कित्येक माता-भगिनी चार घरची धुणीभांडी वाकून उरकतात आणि मग स्वतःच्या घरचे पाणी भरतात. त्यात लोकलचा प्रवास! कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. धिम्या गाडीने दीड तास, तोही बहुधा उभ्यानेच. अशा कष्टात कंबर दुखली तर नवल नाही. पण ‘काम केले की दुखायचेच’ म्हणून ते अंगावर काढणे बरे नाही.

कंबरदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली की डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. कंबर दुखणाऱ्या १०० पैकी सुमारे ९० जणांत एखादा ठरावीक आजार सापडत नाही. म्हणून त्यांचे दुखणे खोटे ठरत नाही. दुखते म्हणून माणूस वाकणे-वळणे टाळतो. त्याने स्नायू आखडतात, अशक्त होतात. मग थोड्या कामानेही जास्त दुखते. पडून राहिल्याने हे चक्र तुटत नाही. उलट हातावर पोट असलेल्याची रोजीही बुडते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायामाची शिफारस आहे. कंबरेचा पट्टा मात्र नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये, असे सांगितले आहे. अमेरिकेत २२८ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना योगाच्या वर्गात घातले, काहींना साध्या ताणण्याच्या व्यायामाच्या वर्गात, तर काहींच्या हाती नुसते माहितीचे पुस्तक दिले. बारा आठवड्यांनी पुस्तकवाल्यांपेक्षा दोन्ही वर्गांतील लोक बरे होते आणि त्या दोघांत विशेष फरक नव्हता. म्हणजे अवघड आसने यायलाच हवीत असे नाही, आणि नुसते वाचूनही भागत नाही. रोज करावे लागते!

यासाठी पैसा लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीतही चटईपुरती जागा निघते. झोपेतून उठल्या उठल्या करू नका; थोडे चालून, अंग मोकळे करून मग सुरुवात करा.

पहिला व्यायाम : उताणे झोपा. एक गुडघा दोन्ही हातांनी धरून छातीकडे ओढा. मनात २० ते ३० अंक मोजा. मग दुसरा पाय.

दुसरा : गुडघे वाकवून तळवे जमिनीवर टेका. दोन्ही गुडघे जोडूनच सावकाश डावीकडे, मग उजवीकडे झुकवा. खांदे उचलू नका. असे दहा वेळा.

तिसरा : उताणेच राहून एका तळपायाला पंचा किंवा जुनी ओढणी अडकवा. दोन्ही टोके धरून तो पाय वर उचला. मांडीच्या मागे हलका ताण आला की थांबा आणि २० अंक मोजा. मग दुसरा पाय.

चौथा : हात-गुडघ्यांवर ओणवे व्हा. मांजरासारखी पाठ वर फुगवा, मग हळूच खाली सोडा. असे दहा वेळा.

श्वास रोखू नका, हिसका देऊ नका. ताण जाणवावा, कळ येऊ नये. कळ पायात उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा. दोन दिवसांत गुण येत नाही. काही आठवडे नेमाने करा. जोडीला जमेल तसे चाला.

मात्र काही लक्षणे दिसली तर घरी व्यायाम करत बसू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली शक्ती जाणे : असे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप येतो, वजन घटते, रात्री दुखणे वाढते, तर उशीर न करता तपासणी करा. क्षयरोग पाठीच्या मणक्यालाही होतो. पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणात रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. मनाने औषधाच्या दुकानातून रोज दुखण्याची गोळी आणून खाऊ नका. तिने जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

शेवटी घरच्यांसाठी एक शब्द. व्यायामाने कंबर मोकळी होते, पण ओझे कमी होत नाही. ते वाटूनच घ्यावे लागते. पाण्याची भरलेली कळशी आईनेच का उचलावी? मुलाने उचलावी, वडिलांनीही उचलावी. कपडे धुताना वाकण्याऐवजी पाटावर बसावे. आणि दिवसातली दहा मिनिटे आई चटईवर असेल, तेव्हा तिला कोणीही हाक मारू नये!