हिमालय रिकामा कसा झाला?

सॅम्युअल बोर्न 1863 मध्ये नॉटिंगहॅममधली बँकेची नोकरी सोडून भारतात आला आणि सिमल्याहून थेट सतलजच्या खोऱ्यात शिरला. पुढे काश्मीर, स्पिती, गंगोत्री. 1866 मध्ये सुमारे 18,600 फुटांवरच्या मणिरंग खिंडीतही त्याने कॅमेरा उभा केला. त्या उंचीचा विक्रम बरीच वर्षे टिकला.

या फोटोंत देवदार आहेत, हिमनद्या आहेत. माणूस बहुधा नाहीच. असलाच तर कड्याची उंची कळावी म्हणून बसवलेला, बिननावाचा.

प्रत्यक्षात मात्र कॅमेऱ्यामागे अख्खा तांडा असे. त्या काळी काचेवर कलोडिअनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. म्हणजे काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू, सगळे डोंगरावर न्यायचे. पहिल्याच मोहिमेत बोर्नबरोबर सुमारे 30 हमाल होते. पुढे संख्या वाढत गेली. बर्फात, अपुऱ्या कपड्यांत चालणारी ही माणसे वाटेत ओझी टाकून पळत. त्यांना शोधून काठीने मारल्याचे बोर्नने स्वतःच लंडनच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात बिनदिक्कत लिहिले आहे. हे वाचल्यावर त्या फोटोंतली शांतता पूर्वीसारखी दिसत नाही.

रिकामेपणाचा दोष थोडा तंत्राकडेही जातो. हलणारी माणसे त्या काचेवर पुसट व्हायची. पण कॅमेरा कुठे लावायचा आणि चौकटीत काय घ्यायचे, हे रसायन ठरवत नव्हते. बोर्नची नजर इंग्रजी निसर्गचित्रांवर पोसलेली. हिमालयाचे उघडे, अजस्र डोंगर चित्राच्या चौकटीत नीट बसत नाहीत, ही त्याची तक्रार होती. काश्मीरची तळी आणि श्रीनगरमधली पॉप्लरची रांग त्याला भावली. विलायतेतल्या दिवाणखान्यांत असे अल्बम उलगडले जात, तेव्हा चराऊ कुरणांवरचे, जंगलांवरचे गावांचे हक्क त्यांत कुठेच दिसत नसत. त्याच काळात, 1864 मध्ये, सरकारने वनखाते उभारले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी देवदार तुटत होता.

मुंबईत उलटा प्रकार झाला. विल्यम जॉन्सनने इथल्या जातीजमातींचे जे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये काढले, त्यांत माणसांचे वेगळे घेतलेले फोटो निसर्गदृश्यांवर जोडले. कॅमेरा तेव्हा फक्त साहेबांच्याच हाती होता असे नव्हे. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत होते. मात्र अल्बमांचे बडे गिऱ्हाईक साहेबच होते.

बोर्नने नैनीतालचेही फोटो काढले. त्याच कुमाऊँत साहेबांचे सामान वाहण्याची सक्ती गावकऱ्यांवर होती आणि कुणाची पाळी कधी, याच्या वह्या गावोगावी ठेवलेल्या असत. जानेवारी 1921 मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी त्या वह्या शरयूत फेकल्या, आणि त्याच वर्षी सरकारला ही वेठबिगार मागे घ्यावी लागली.