पेटीत बिऱ्हाड कुणाचं?

बागेत टांगलेल्या लाकडी पेटीत ये-जा सुरू झाली की घरातले सगळे विचारू लागतात, पक्षी कोणता? तो दिसतो जेमतेम दोन सेकंद. भुर्रकन येतो, भोकात शिरतो. रंग नीट कळायच्या आत शेपूटही आत गेलेली असते. अशा वेळी पिसांच्या मागे न लागता चोचीतलं सामान बघावं. माझ्या मते ते जास्त बोलकं असतं.

आधी दाराचं माप घ्या. भोक ३२ मिलिमीटरचं असेल, तर चिमणी किंवा राखी वल्गुली हेच मुख्य उमेदवार उरतात. साळुंकी आणि दयाळ यांना मोठं दार लागतं.

चिमणीचं सामान लपत नाही. गवताच्या लांब काड्या, दोरे, कापूस, कोंबडीची पिसं असं काहीबाही कोंबलेलं आणि निम्मं भोकाबाहेर लोंबणारं. साळुंकीला तर काहीही चालतं: काटक्या, चिंध्या, कागद, प्लॅस्टिक, कधी चक्क सापाची कात. पेटी तळापासून छतापर्यंत नुसत्या काथ्याने भरली असेल, तर मात्र पक्षी विसरा. ती खार आहे.

खरा घोळ होतो दयाळाच्या बाबतीत. मार्चपासून पुढे नर पहाटे तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून गातो. घरटं बहुतेक मादीच बांधते, अंडीही तीच उबवते. नर काळा-पांढरा, चकचकीत. तो जिथे काळा, तिथे मादी राखाडी. त्यामुळे एकाच पेटीवर दोन जातींचे पक्षी भांडताहेत असं बघणाऱ्याला वाटतं. त्यात भर चिरकाची. तोही काळा आणि शेपूट वर उचलणारा. पण चिरकाच्या पंखावर पांढरा ठिपका असतो, दयाळाच्या पंखावर लांब पट्टा. दयाळाचं पोट पांढरं. चिरकाच्या शेपटीखाली विटकरी रंग. शेपटीखालचा एवढा भाग दिसला तरी वाद मिटतो.

अंड्यांवरूनही मालक कळतो. साळुंकीची अंडी निळी, तुकतुकीत, एकही डाग नसलेली. दयाळाची फिकट निळसर-हिरवी, त्यावर तपकिरी शिंतोडे. पिंगळा, पोपट, खंड्या यांची पांढरीशुभ्र. अंधाऱ्या बिळात शत्रूच्या नजरेपासून अंडं लपवायला रंग लागत नाही, उलट पांढरं अंडं आई-बापांना चटकन दिसतं, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. मग ढोलीत घालूनही दयाळाची अंडी ठिपक्यांची का? त्याच्या गोतावळ्यातले अनेक पक्षी उघड्यावर घरटी करतात. रंगाचा तो वारसा दयाळाने सोडलेला नाही, असं म्हणता येईल.

हे वाचून पेटीचं झाकण उघडू नका. वल्गुलीची मादी अंड्यांवर असली, तर आतून सापासारखा फूत्कार टाकते आणि मोठी माणसंही दचकून हात मागे घेतात. बरंच करते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणं हे शिकारीतच मोडतं. मोबाइलचा टॉर्च आत मारून रील काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आत पिल्लं आहेत का, हेही लांबून कळतं. आई-बाप आत जाताना चोचीत अळी असते आणि बाहेर पडताना पांढरी गोळी. ती पिल्लांची विष्ठा, पातळ आवरणात बांधलेली. घरटं स्वच्छ राहावं म्हणून ते ती लांब नेऊन टाकतात.

ओळखीचा पक्षी वेगळा निघू शकतो, याचा मोठा दाखला मुंबईचाच आहे. १९०८च्या सुमारास, पुढे पक्षितज्ज्ञ झालेल्या लहानग्या सलीम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. ही रानचिमणीही भोकातच घरटं करते, तेव्हा पेटीवरच्या चिमणीचा गळा एकदा नीट बघाच. आता त्यासाठी एअरगन नको, साधी दुर्बीण पुरते.

पिल्लं उडाली की पेटी रिकामी करून उन्हात वाळवा आणि पुन्हा टांगा. चिमणी एका वर्षात अनेकदा अंडी घालते.