चरबीचा पत्ता

कपड्यांच्या दुकानात पन्नाशीचा गृहस्थ विक्रेत्याला बेधडक सांगतो, ‘कंबर ३४’. लग्नातही त्याची कंबर ३४ होती आणि त्या मापाची पँट त्याला आजही बसते. खोटं तो काही बोलत नाही. एवढंच, की मधल्या काळात पट्टा हळूहळू सरकत पोटाच्या खाली जाऊन बसला आहे. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून झाल्यावर टेप धरली तर आकडा ४०च्या घरात निघतो. डॉक्टरांच्या लेखी कंबर ती. पँटवर छापलेला आकडा शिंप्याच्या सोयीचा.

त्याच दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर एक तरुणी ट्रायल रूममधून हिरमुसून बाहेर येते. कुर्ता कमरेत ढगळ, खाली नितंबांवर तंग. सोबतची मावशी लगेच सल्ला देते, ‘रात्रीचा भात बंद कर बघू आता.’ खालच्या मजल्यावरच्या ढेरीला मात्र ‘खात्यापित्या घरचा माणूस’ म्हणून माफी असते. शरीरशास्त्राला विचारलं तर काळजी करायची ती खालच्या मजल्यावर.

हे पहिल्यांदा नेमकेपणाने हेरलं ते मार्सेयमधल्या ज्याँ वाग या फ्रेंच डॉक्टरांनी, १९४७ साली. त्यांच्याकडे येणाऱ्या स्थूल रुग्णांमध्ये काहींना मधुमेह, रक्तवाहिन्यांचे विकार, गाऊट असं सगळं एकदम जडलेलं असे. तेवढ्याच वजनाच्या इतर काही जणांना यातलं फारसं काही नसे. फरक होता तो चरबी कुठे साठली आहे यात. धडाच्या वरच्या भागात, पोटावर चरबी असलेले आजारी पडत. नितंब-मांड्या भरलेले त्या मानाने सुखरूप राहत. वाग यांच्या या निरीक्षणाकडे पुढची तीसेक वर्षं कोणी फारसं पाहिलं नाही. १९८०च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी शहरातल्या स्त्री-पुरुषांच्या कंबर आणि नितंबांचा घेर मोजून ठेवला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि हृदयविकाराचा अंदाज वजनापेक्षा या दोन घेरांच्या गुणोत्तरावरून चांगला बांधता येतो असं दाखवलं. २००५ मध्ये ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने हेच मोठ्या प्रमाणावर पडताळलं.

असं का होतं, हे पाहण्यासारखं आहे. मांड्या-नितंबांवरची चरबी त्वचेखाली असते आणि स्वभावाने संथ असते. जेवणानंतर रक्तात आलेलं मेदाम्ल ती ओढून घेते आणि सहजासहजी सोडत नाही. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी उतावळी. ती मेदाम्ल भराभर सोडते, आणि तिथलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. यकृतात मेद साचला, की इन्सुलिनचं ऐकणं ते कमी करतं, साखर जास्त सोडायला लागतं आणि ट्रायग्लिसराइडही वाढवून ठेवतं. चरबीने कुठे जायचं हे बरंचसं इस्ट्रोजेन ठरवतं. म्हणून वयात येताना मुलीचे नितंब भरतात आणि पाळी गेल्यावर तीच चरबी हळूहळू पोटाकडे मुक्काम हलवते. बाळंतपणानंतर आणखी एक गंमत दिसते. एरवी काही केल्या न हलणारी मांडीची चरबी बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात मोकळी व्हायला लागते. म्हणजे ज्या गोलाईपायी मुली उपाशी राहतात, ती दुधासाठी राखून ठेवलेली शिल्लक दिसते.

चरबी अजिबात नसती तर बरं, असं वाटणाऱ्यांनी लिपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार माहीत करून घ्यावा. काही मुलं जवळजवळ चरबीविना जन्माला येतात. हातापायांच्या शिरा आणि स्नायू पीळदार दिसतात, व्यायामशाळेत कोणी हेवा करावा असे. पण ऐन तरुणपणी त्यांना भयंकर मधुमेह होतो आणि यकृत मेदाने भरून जातं. त्वचेखालची चरबी ही घरातली कणगी समजा. तिच्यात मावेल तोवर धान्य जागच्या जागी राहतं. कणगीच नसेल किंवा लहान असेल, तर पोती माजघरात आणि देवघरात रचावी लागतात. इथे माजघर म्हणजे यकृत, स्वादुपिंड, स्नायू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००० साली चरबी नसलेल्या उंदरांच्या अंगात निरोगी उंदरांची चरबी बसवली, तर त्यांची बिघडलेली साखर सुधारली. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषधही याच वाटेने जातं. ते घेणाऱ्याचं वजन बहुधा थोडं वाढतं, तरी साखर उतरते, कारण यकृतातला मेद त्वचेखाली हलतो. वजन वाढलं म्हणून रुग्ण रागावतात, ते सोडा.

आता बारीक कंबर आणि भरले नितंब अशा बांध्याला म्हणतात त्या ‘कर्वी’ शब्दाभोवतीचं कौतुक. टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांनी १९९३ मध्ये मांडलं, की कंबर-नितंबांचं ०.७ हे गुणोत्तर पुरुषांना सर्वाधिक आवडतं आणि ही आवड उत्क्रांतीने घडवलेली आहे. नियतकालिकांना असा आकडा मिळाला की ती सोडत नाहीत. पण १९९८ मध्ये पेरूच्या जंगलात, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या मात्सिगेंका पुरुषांना चित्रं दाखवली तेव्हा त्यांनी कमरेत जाड असलेल्या बायका पसंत केल्या. बारीक कमरेच्या त्यांना आजारी वाटल्या. अजिंठ्याच्या कलावंतांना सिंहकटी भावली, यावरून त्या कलावंतांची नजर कळते. चित्रातल्या सुंदरीची साखर किती होती, ते कळत नाही. आवडीनिवडीचा हिशेब आरोग्याच्या वहीत मांडायला मी तरी तयार नाही.

वहीत मांडायचं ते मोजमाप, आणि तिथे आपली पंचाईत आहे. दवाखान्यात सर्रास वापरला जाणारा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. याचं सूत्र १८३०च्या दशकातलं आहे. ते काढणारे बेल्जियमचे अदोल्फ केतले खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, रुग्ण तपासायचा नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं. या आकड्याला हाड, स्नायू, चरबी सगळं सारखंच.

२००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापलेलं एक छायाचित्र यावर बोट ठेवतं. शेजारी शेजारी दोन डॉक्टर उभे आहेत: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे नमुनेदार. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. स्वतःच्या शरीराला पुरावा म्हणून असं जगापुढे ठेवणारे संशोधक मला फार आवडतात. हातपाय काटकुळे आणि चरबी दुपटीहून अधिक, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा. पाश्चात्त्य मापाने तो सडपातळ ठरतो आणि तपासणीतून निसटतो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २५ ची रेषा कायम ठेवून आशियाई लोकांसाठी २३ वर सावधगिरीची आणखी एक रेषा सुचवली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले दोन आकडे शेजारी ठेवा. बीएमआयनुसार जादा वजनाच्या किंवा लठ्ठ स्त्रिया २४ टक्के, पुरुष २३ टक्के. कंबर-नितंबांच्या गुणोत्तरानुसार जोखमीत येणाऱ्या स्त्रिया ५७ टक्के, पुरुष ४८ टक्के. एवढी तफावत नुसत्या ढेऱ्यांची नाही. गुणोत्तर पोट सुटल्याने वाढतं, तसंच नितंब-मांड्या रोड असल्यानेही वाढतं. आपल्याकडे पुष्कळदा दोन्ही एकदम असतं. म्हणूनच ‘अंगावर मांस नाही बिचारीच्या, हिला कसली साखर’ हे वाक्य धोक्याचं. उलट बाजूने, भरल्या नितंबांना सगळं माफ असंही समजू नये. वजन फार वाढलं तर गुडघे आपला हिशेब वेगळा मागतात.

घरी पाहायचं तर भारतीय तज्ज्ञांनी ठरवलेली कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. टेपही नसेल, तर आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, दुहेरी करावी आणि कमरेभोवती धरावी. टोकं जुळली नाहीत, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे साखर आणि रक्तदाब दोन्ही तपासून घ्यावेत. पोट आत ओढून टोकं जुळवणारे महाभाग घरोघरी आहेत.

हा बांधा येतो कुठून? अरबट-चरबट खाणं आणि बैठं काम यांचा वाटा आहेच, पण गोष्ट त्याआधी सुरू होते. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. या बायका सरासरी ४२ किलोंच्या आसपासच्या, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पण कॅलिपरच्या चिमटीत खांद्याच्या पात्याखालची कातडी धरून मोजली, तर दोन्हीकडचा फरक सगळ्यात कमी तिथे निघाला. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र टिकून. उपाशी आईच्या पोटात वाढताना शरीराने काटकसर केली ती स्नायूंवर. आईने किती उष्मांक खाल्ले यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध तिच्या पोटात किती वेळा गेलं, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध दिसला. पुढे असंही आढळलं, की आईच्या रक्तात फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी असेल, तर मूल सहा वर्षांचं होईतो त्याच्यात इन्सुलिनला न जुमानण्याची चिन्हं जास्त दिसतात.

ती मुलं वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांतल्या काहींना लग्नाआधीच बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. नव्वदीच्या दशकात ज्या मुलींना जन्मतः मोजलं होतं, त्यांच्यातल्या अनेक जणी आता आया झाल्या आहेत, आणि त्यांच्या बाळांचीही मोजमापं घेतली गेली आहेत.