टायरमधली हवा आणि मुंबईत लिहिलेला निबंध

समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याची बातमी आली की नायट्रोजनचा विषय निघतोच. सावेडी नाक्यावरून मनमाड रस्त्याने राहुरी, शिर्डी करत कोपरगावला समृद्धी गाठणाऱ्या गाड्यांच्या व्हॉल्व्हवरही हिरव्या टोप्या दिसतात. ‘नायट्रोजन तापला तरी फुगत नाही’ हा भरवसा त्यामागे असतो. तो साफ चुकीचा आहे, आणि खऱ्या कारणावरून लक्ष उडवतो म्हणून घातकही आहे. मुळात साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. राहिला ऑक्सिजन. तो तापल्यावर नायट्रोजनपेक्षा जास्त दाब देतो का, या प्रश्नाचं उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत लिहिलं गेलं होतं.

जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटिश गृहस्थ १८३९ पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटना शिकवत होते. १८४५ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक निबंध धाडला. वायू म्हणजे सैरावैरा धावणारे कण, त्यांच्या भिंतीवरच्या अखंड टकरा म्हणजे दाब, आणि तापमान म्हणजे त्या धावण्यातली ऊर्जा, अशी त्याची मांडणी. त्यातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा, की तापमान सारखं असेल तर जड कण हळू आणि हलके कण जोरात पळतात, पण सरासरी ऊर्जा दोघांची सारखीच. तपासनिसाने हे सगळं निरर्थक ठरवलं. निबंध छापला नाही आणि परतही केला नाही. वॉटरस्टन यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. पुढे क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी हीच वाट स्वतंत्रपणे चोखाळली आणि श्रेय त्यांना मिळालं. वॉटरस्टन १८८३ मध्ये गेले. लॉर्ड रॅले यांनी सोसायटीच्या दप्तरातून शोधून काढलेला निबंध १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या विज्ञानाच्या पुस्तकांत वायूच्या धड्यापाशी मुंबईचं नाव यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

तोच निष्कर्ष टायरला लावून पाहा. २५ अंशाला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५१५ मीटर वेगाने पळतात, जड ऑक्सिजनचे ४८० च्या आसपास. टक्कर कमी वेगाची पण जड, म्हणून दाबाचा हिशेब तेवढाच राहतो. रेणू कोणता याला महत्त्व नाही. किती आहेत आणि किती तापले एवढंच मोजलं जातं. सकाळी २५ अंशाला गार टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवरच्या सावेडीत बाहेरचा दाब साधारण १३.६, म्हणजे टायरमधला एकूण दाब ४५.६. आतली हवा ६५ अंशांवर गेली तर गेज ३८ दाखवेल. नायट्रोजन भरा किंवा साधी हवा, आकडा हाच. आणि चांगल्या टायरला ३८ काही जड नाही.

विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन का, असं कुणी विचारेल. मार्च १९८६ मध्ये मेक्सिकोत तापलेल्या ब्रेकमुळे विमानाचं टायर फुटलं आणि १६७ माणसं गेली. टायरमध्ये साधी हवा होती. तिथे धोका ऑक्सिजन आणि तापलेल्या रबराच्या वाफा पेट घेण्याचा असतो. मोटारीच्या टायरला तेवढी धग लागत नाही. नायट्रोजन रबरातून हळू झिरपतो, हे मात्र खरं. पण अमेरिकेत वर्षभर केलेल्या एका चाचणीत ३० वरून नायट्रोजन २.२ ने उतरला आणि साधी हवा ३.५ ने. महिन्यातून एकदा हवा तपासली की हा फरक संपला. सर्वांत दमदार आक्षेप ओलाव्याचा आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर टायरमध्ये गेलं, तर ते तापून वाफ होतं आणि धडका देणारे नवे कण तयार होतात. ६५ अंशाला त्यांचा दाब साडेतीनपर्यंत जाऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडून पाणी काढणं.

खरा घात होतो तो कमी हवेने. कण कमी असले की टायर बसतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू वाकते. ताशी १२० च्या वेगाला चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेतं. तेवढ्या वेळा वाकताना रबरातल्या लांब साखळ्या एकमेकींवर घासतात, आतून तापतात, आणि रबर तारांपासून सुटायला लागतं. गुळगुळीत किंवा म्हातारा टायर असेल तर विचारायलाच नको. म्हणून वाटेत ढाब्यावर थांबून गेजवर ३८ पाहून हवा सोडणारे स्वतःच संकट ओढवून घेतात. गरम टायर ३२ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर त्यात २७ सुद्धा उरत नाहीत, आणि गाडी त्याच टायरवर पुन्हा समृद्धीला लागते.