मासे आणि दूध : एका पथ्याची जुनी चर्चा

मासे खाल्ल्यावर दूध प्यायल्यास अंगावर कोड उठते, हा महाराष्ट्रात सर्वदूर आढळणारा समज आयुर्वेदातील विरुद्धाहाराच्या, म्हणजे परस्परांशी न जुळणारे पदार्थ एकत्र खाण्याच्या, विचाराशी जोडला जातो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६व्या अध्यायानुसार दूध शीतवीर्य व मासा उष्णवीर्य (वीर्य म्हणजे पदार्थाची शरीरावरील थंड वा उष्ण क्रिया) असल्याने त्यांचा संयोग रक्त दूषित करतो आणि स्रोतसे, म्हणजे शरीरातील वहनमार्ग, अडवतो. गंमत अशी, की तेथेच भद्रकाप्य हा ऋषी ‘चिलिचिम’ नावाचा मासा वगळता बाकीचे दुधासोबत चालतील असे म्हणतो आणि संहितेतील गुरू आत्रेय ते खोडून काढतो. म्हणजे पथ्य तेव्हाही निर्विवाद नव्हते.

आधुनिक वैद्यकानुसार कोड हा त्वचेतील रंगपेशी नष्ट झाल्याने होणारा विकार असून मासे-दुधाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. मात्र बांगडा किंवा कुपा बर्फाविना राहिल्यास जिवाणूंमुळे त्यात हिस्टामिन साठते, जे शिजवूनही जात नाही आणि ज्यामुळे अंग लाल होऊन खाज सुटते. अशा वेळी दोष दुधावर ढकलणे सोपे असते.

बंगालात तर दुधापासूनच बनणाऱ्या दह्यातले ‘दोई माछ’ आवडीने खाल्ले जाते.

आपापल्या भागातील अशी पथ्ये आणि त्यांविषयीच्या शंका वाचकांनी अवश्य मांडाव्यात.