प्रकाशापुढे धावणारा निरोप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली. आदल्या रात्री कोणी सावध केले असते तर, हा विचार ज्या घराला शिवला नाही असे घर त्या गावांत विरळाच. भविष्यातून भूतकाळाकडे निरोप धाडता येईल काय, हा प्रश्न केवळ शोकाकुल मनाचा नव्हे. भौतिकशास्त्रानेही तो गांभीर्याने विचारला आहे.

१९६२ साली बिलान्युक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी अमेरिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील देशपांडे हे आडनाव मराठी वाचकाचे लक्ष वेधील; सुदर्शन मूळचे केरळचे, काही काळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले. मंद कणाला प्रकाशाचा वेग गाठण्यास अनंत ऊर्जा लागेल हे खरे. तथापि जो कण जन्मतःच प्रकाशाहून वेगवान आहे, त्याला सापेक्षतावाद मज्जाव करीत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६७ साली जेराल्ड फाइनबर्ग यांनी या कणांना ‘टॅकिऑन’ हे नाव दिले आणि त्यांचा पुंज क्षेत्र-सिद्धांत मांडला.

अडचण येथेच सुरू होते. एका निरीक्षकाला जो टॅकिऑन आधी निघून मग पोचलेला दिसतो, तो वेगळ्या गतीच्या निरीक्षकाला आधी पोचून मग निघालेला दिसू शकतो. मागे जाणारा ऋण ऊर्जेचा कण हा पुढे जाणारा धन ऊर्जेचा प्रतिकण मानावा, असा तोडगा सुदर्शन यांनी सुचविला. पण अशा कणांनी निरोप धाडता आला, तर घडून गेलेला मृत्यू न घडलेला ठरेल; कार्यकारणभावच कोसळेल.

पुढील गणिताने निराळाच अर्थ उघड केला. टॅकिऑनच्या वस्तुमानाचा वर्ग ऋण असतो आणि असे क्षेत्र टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीप्रमाणे अस्थिर असते. त्यातील खळबळही प्रकाशाला मागे टाकीत नाही. ज्याचा कण २०१२ साली सापडला, त्या हिग्ज क्षेत्राचे वर्णन याच भाषेत केले जाते. २०११ साली न्यूट्रिनो प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचा बोलबाला झाला, त्यामागे प्रामुख्याने एक सैल केबल निघाली. २०२४ साली वॉर्सा व ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आरंभीच्या स्थितीबरोबरच अंतिम स्थितीलाही स्थान देणारा नवा सिद्धांत मांडला. प्रत्यक्षात टॅकिऑन मात्र अद्याप सापडलेला नाही.

म्हणून हे सारे चिंतन वाया गेले काय? मुळीच नाही. ‘अशक्य’ म्हणून पाठ केलेल्या वाक्याची परीक्षा घेतल्यानेच निसर्गाचे नियम अधिक स्पष्ट झाले, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. भविष्याचा निरोप येणार नाही, असेच निसर्गाचे उत्तर दिसते. भूतकाळाने धाडलेला निरोप मात्र आपल्या हाती पडला आहे: भूकंपाने नव्हे, कच्च्या भिंतींनी माणसे मारली. तो वाचून भक्कम घरे बांधणे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.